एकच निघाला

"तीन आजार आहेत म्हणे, वन्सं," मास्तरांची बायको फोनवर नणंदेला म्हणाली आणि वॉर्डाच्या दारापासून जिन्यापर्यंत पुन्हा चालू लागली.

मास्तर म्हणजे शिंपी. आधी उजव्या हातातून कात्री निसटू लागली. मग शब्द सापडेनात. एका गिऱ्हाइकाला बाही म्हणायच्या ऐवजी खिडकी म्हणाले, तेव्हा बायकोने दुकानाला कुलूप घातलं आणि त्यांना इथे आणलं. डोक्याचा फोटो काढून झाला होता. सकाळी मोठे डॉक्टर आले, खाटेपाशी उभं राहून विद्यार्थ्यांना 'ग्लिओमा' म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. मागून तरुण डॉक्टरीण आली. ती रक्त काढता काढता सिस्टरांशी 'ग्लायोमा'बद्दल बोलत होती. मग व्हीलचेअर घेऊन आलेल्या माणसाने दारातूनच विचारलं, 'ग्लोमा'चा पेशंट कोण? सिस्टरांनी मास्तरांकडे बोट दाखवलं.

नणंदेने विचारलं, यातला मोठा आजार कुठला? हे बायकोला सुचलंच नव्हतं. खाटेपाशी येऊन तिने चादर सारखी केली, सारखी असलेली पुन्हा सारखी केली, पिशवीतले कपडे बाहेर काढून परत भरले. मास्तरांनी भुवई उचलून काय झालं म्हणून विचारलं. काही नाही म्हणत ती परत बाहेर गेली. बाकावर बसली, उठली.

शेवटी हिय्या करून ती सिस्टरांच्या टेबलापाशी गेली. डॉक्टरीणही तिथेच होती. आधी कुठल्या आजाराचं औषध सुरू करणार, असं तिने विचारलं. ग्लिओमाचं, ग्लायोमाचं, की त्या तिसऱ्याचं?

सिस्टरांना हसू फुटलं. डॉक्टरणीलाही आवरलं नाही. सिस्टर म्हणाल्या, मोठे डॉक्टर ग्लिओमा म्हणतात, म्हणजे तेच बरोबर. डॉक्टरीण म्हणाली, आमच्या कॉलेजात ग्लिओमा म्हटलं असतं तर तोंडी परीक्षेतून सरळ घरी पाठवलं असतं. मग जा, मोठ्या डॉक्टरांना पाठवून या घरी, असं सिस्टरांनी सुनावलं. ग्लोमा मात्र जगात कुठेच नाही, एवढ्यावर दोघींचं जमलं. मास्तरांची बायको एकदा हिच्या तोंडाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे बघत होती.

"म्हणजे आजार एकच?"

"एकच हो, काकू," डॉक्टरीण म्हणाली.

बायकोने टेबलाची कड धरली. सकाळपासून आवळून धरलेले खांदे खाली आले. "एकच ना? मग काय, होतील बरे," ती म्हणाली आणि वळलीसुद्धा.

डॉक्टरणीचं हसू ओसरलं. सिस्टर खाली बघून सुयांचे डबे उगीचच इकडचे तिकडे करू लागल्या. काकू, जरा बसता का इथे, असं डॉक्टरणीने मागून विचारलं, पण तोवर ती खाटेपाशी पोचली होती.

तिने मास्तरांच्या कानाशी वाकून सांगितलं. मास्तरांना काहीतरी बोलायचं होतं. शब्द येईना, म्हणून त्यांनी डाव्या हाताचं एक बोट वर केलं.

"हो, एकच," ती म्हणाली. मास्तर तोंडाच्या एका बाजूने हसले.

डॉक्टरीण स्टूल घेऊन आली. मेंदूतल्या गाठीबद्दल जे सांगायचं होतं ते तिने वाटेत मनाशी जुळवून ठेवलं होतं. मास्तरांच्या बायकोने तोवर नणंदेला फोन लावला होता. आपण उगीच घाबरलो, नावंच तेवढी तीन होती, असं ती भराभर सांगत होती आणि सांगता सांगता मास्तरांच्या सदऱ्याचं निघालेलं बटण लावत होती. डॉक्टर समोर उभी आहे हे दिसताच तिने फोनवर हात ठेवला. काही काम आहे का, असं तिने मानेनेच विचारलं.

डॉक्टरणीने नाही म्हणून मान हलवली. "तुमचं होऊ द्या," ती म्हणाली, "सावकाश बोला." आणि स्टूल खाली न ठेवता तसंच हातात धरून उभी राहिली.