लाल दोऱ्याची गाठ

मन्मथरावांनी प्लग काढला, निक्सी घड्याळ पालथे केले, कपॅसिटरमध्ये उरलेली वीज उतरवली आणि मगच तळाचे स्क्रू सोडवले. आत नजर जाताच त्यांची मान ताठ झाली.

"उमा, याला कोणी हात लावला?"

उमाबाई शिवणाच्या पेटीत कात्री ठेवत होत्या. "कावून? काय झालं?"

"माझ्याआधी कुणीतरी उघडलंय हे."

काचेच्या नळ्यांत नारिंगी आकडे उजळणारे ते जुने घड्याळ त्यांनी तंत्रनिकेतनातून निवृत्त होताना भंगारातून उचलून आणले होते. अख्ख्या बीडमध्ये त्याची नस आपल्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, हा त्यांचा अभिमान. आणि आता समोर परक्याचे काम होते, ज्याला नाव ठेवायला जागा नव्हती. सोल्डरचे डाग चकचकीत. तारांची जुडी पिवळ्या दोऱ्याने आवळलेली. सगळ्या रेझिस्टरांचे रंगपट्टे एकाच दिशेने वाचता यावेत असे बसवलेले. ही शिस्त तर त्यांच्या कॉलेजातली.

"सिद्धारामच हा," ते म्हणाले. सिद्धाराम त्यांचा वर्गमित्र. प्रात्यक्षिकात कायम वरचढ. "माझ्या माघारी घरी येतो, आणि मला पत्ता नाही."

"काम वंगाळ केलंय का?"

"तसं कुठं म्हणतोय मी?"

"हात लई सफाईचा हाय त्यांचा," उमाबाई हळूच म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या संसारात हा सूर आपल्या वाट्याला आल्याचे मन्मथरावांना आठवेना.

"आणि ही तार बघ. तुटलेली नाही, कापलीय. पुन्हा बोलावणं यावं म्हणून. एवढं कौतुक असेल तर घड्याळ त्याच्याच घरी नेऊन ठेव."

"चहा टाकते," त्या म्हणाल्या.

मग मन्मथरावांनी मान वर केली नाही. तार जोडली, जुने डाग उतरवून नवे दिले. त्या माणसाने पुन्हा या घराची पायरी चढू नये, असे काम त्यांना करायचे होते. दोरा घ्यायला शिवणाची पेटी उघडली, तर पिवळे रीळ संपलेले. बरेच झाले, त्याचा रंग हवाच होता कोणाला? त्यांनी लाल दोरा घेतला आणि दुहेरी गाठ मारली.

आकडे पेटले. खोलीभर नारिंगी उजेड पडला. उमाबाई घड्याळाकडे न पाहता त्यांच्याकडेच पाहत राहिल्या.

"आता दाखव त्याला. म्हणावं, ही गाठ बघून जा."

"दाखवते की."

"आणि परत बोलवायचं नाही."

"न्हाई बोलवत."

त्या दिवशी मन्मथराव दोन घास जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडे पेटलेच नाहीत. उमाबाईंनी कात्री शिवणाच्या पेटीत ठेवून झाकण लावले आणि चहाचा कप त्यांच्या हाताशी ठेवला. मन्मथरावांनी प्लग काढला, घड्याळ पालथे केले, वीज उतरवली, स्क्रू सोडवले. आत नजर जाताच त्यांची मान ताठ झाली.

"उमा, ही लाल दोऱ्याची गाठ कोणी मारली?"