वीतभर उजवीकडे

बंदूकवाल्याने रायफलीवर दुर्बिणीच्या कड्या आवळल्या, वर पाणसळ ठेवली आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत श्वास धरून ठेवला. मग नेहमीचे दोन प्रश्न विचारले. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्यांच्याशिवाय तो नेम जुळवत नसे.

"जनावर कोणतं? आणि अंतर किती?"

"रानडुक्कर," लाकडाच्या वखारीचा मालक म्हणाला. "चोपन्न मीटर."

डुकराच्या मागे लागलेला माणूस अंतर सांगताना हवेत हात फिरवतो. पन्नास म्हणतो, ऐंशी म्हणतो. चोपन्न कोणी म्हणत नाही.

"खडूने रेघ मारून उभं राहतं की काय, शेठ?"

"रोज तिथेच येतं. सकाळी आठला."

"घड्याळ बांधून?"

मालक हसला, पण फरशीवर बूट आपटायचा काही थांबला नाही.

चोपन्नचा आकडा सगळ्या गल्लीला पाठ होता. हा मालक आणि त्याचा धाकटा भाऊ यांच्या वाटणीत मोजणीदाराने आवार मोजलं, तेव्हा थोरल्याच्या माडीची खिडकी ते धाकट्याचं दार एवढंच भरलं होतं. त्या दिवसापासून भावांचं बोलणं बंद झालं आणि लोकांचं सुरू.

नाही म्हणावं, तर हा पुढच्या चौकातल्या दुकानात जाणार. तिथला कारागीरही नेम बरोबर जुळवून देईल. पोलिसांना सांगावं, तर काय सांगावं? टेप लावून मोजणं हा काही गुन्हा नव्हे.

तो एकटाच रायफल घेऊन दुकानामागच्या चाचणीच्या जागेत गेला. चोपन्न मीटरवर कागद लावून तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली असती. मग त्याने दुर्बिणीच्या बाजूची फिरकी मोजून फिरवली आणि टोपण घट्ट बसवलं. आता दुर्बिणीतली फुली छातीवर धरली तरी गोळी वीतभर उजवीकडे जाणार होती. उजवीकडेच, कारण त्या दाराच्या डाव्या अंगाला खिडकी होती, उजव्या अंगाला नुसती भिंत.

मालकाने कागद उजेडात धरला. "बोटांत जादू आहे हो तुमच्या!"

"फिरकीला हात लावू नका. केलेलं वाया जाईल."

पहिल्या गोळीला धाकटा आत पळेल, सगळं आवार जागं होईल आणि दुसरी झाडायची थोरल्याची छाती होणार नाही, असा बंदूकवाल्याचा हिशेब होता. त्या हिशेबावर तो निवांत झोपला.

सकाळी पावणेआठला बायको दारात चपला चढवत होती. ती शाळेच्या गाडीवर मुलांना चढवायचं-उतरवायचं काम करी.

"आज पुन्हा उशीर होणार," ती म्हणाली. "आठचा पहिलाच थांबा, आणि ती पोर बापाला सोडतच नाही."

"कुठली पोर?"

"अहो, वखारवाल्याची पुतणी. ह्याच आठवड्यात शाळेत घातलीय. गाडी यायच्या आधीपासून बाप तिला डाव्या हातावर घेऊन दारात उभा."

"डाव्या?"

"हो. असा." खांद्यावरची पिशवी मागे सारून ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि डावा हात कोपरात दुमडून पोर धरल्यासारखा करून दाखवला.

तो हात त्याच्या उजवीकडे आला. तिच्या छातीपासून वीतभर.