चढाईचा दम

फुर्रकन फुग्यातली हवा सुटली आणि दुपारची शांतता मोडली. "आई, त्या कबड्डीवाल्या आजी आज झोपल्या का गं?" रेवाने विचारलं.

"झोपल्या," म्हणत मी तिला सगळं सांगितलं. पित्ताशयातले खडे हौसाबाईंना जेवू देत नव्हते, तरी सुई बघून त्या दोनदा ऑपरेशनच्या टेबलावरून उठून गेल्या होत्या. आज भूल देताना मी सुई बाजूला ठेवली. म्हटलं, "आधी मास्कमधून गुंगीचा वायू, सुई तुम्ही झोपल्यावर. सगळा श्वास सोडा, मग एकच मोठा घेऊन धरून ठेवा."

मास्क पाहून त्यांनी मान फिरवली. "जीव गुदमरतो. जमायचं नाही पोरी."

"चढाईला जाताना दम घेत होता ना? तेवढाच घ्यायचा."

"दम होय? मग तसं सांग की. श्वास-श्वास काय लावलंयस मघापासून."

मास्क त्यांनी स्वतःच्या हातांनी तोंडावर दाबला आणि असा दम भरला, की मशीनची फुगलेली पिशवी पार चपटी झाली. तो सुटायच्या आत पापण्या मिटल्या. मग शीर पहिल्याच टोचण्यात सापडली.

जाग येताच पुटपुटल्या, "दम तुटला का माझा?"

"नाही. सगळे खडे बाद करून परत आलात."

"मग गुण मांड माझे," म्हणाल्या आणि डोळे मिटून हसल्या.

रेवाने टाळ्या पिटल्या. फुगा पुन्हा ओठांना लावता लावता ती थांबली.

"पण आई, परत आल्या म्हणजे मधे त्या कुठे होत्या?"