नऊ वाइशेनिश्त

ओर्ट्विन वाइशेनिश्त यांनी होणाऱ्या जावयाच्या ताटात बटाट्याचा तिसरा गोळा वाढला, त्यावर रस्सा ओतला आणि विचारलं, "मग काय ठरलं? आमचं आडनाव घेताय ना?"

फोल्कमार म्युलरने गुंडुलाकडे पाहिलं. ती ताटातला कोबी चिवडत होती.

"बघू," तो म्हणाला. सलग सहावा रविवार तो 'बघू'च म्हणत होता.

लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. नवराबायकोपैकी कुणाचंही आडनाव दोघांना घेता येत होतं. कुणाचं, ते नगरपालिकेच्या अर्जात लिहायचं. ओर्ट्विनना त्यात विचार करण्यासारखं काही दिसत नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी देशभरच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या चाळल्या होत्या. अख्ख्या जर्मनीत वाइशेनिश्त निघाले नऊ. ते स्वतः, बायको रोझविटा आणि मुलगी गुंडुला. धाकटा भाऊ, तो पाद्री. ल्युबेकच्या वृद्धाश्रमात एक्याण्णव वर्षांचे काका. कासेलला दोन अविवाहित चुलत बहिणी. ब्रेमेनला जहाजावरचा एक आचारी, जो पत्राला उत्तर देत नसे, आणि त्याची घटस्फोटित बायको, जिने आडनाव तेवढं ठेवलं होतं. ओर्ट्विन चर्चमध्ये सगळ्यात जास्त प्रार्थना तिच्यासाठी करत. तिने दुसरं लग्न केलं की आठच उरणार होते.

म्युलर मात्र एकट्या बाम्बेर्गच्या डिरेक्टरीत पानंच्या पानं होते. त्यातला एखादा कमी झाला तर त्याच्या बायकोलाही पत्ता लागणार नाही, असं ओर्ट्विन म्हणत, आणि तेही फोल्कमारसमोर.

शिवाय आडनाव साधंसुधं नव्हतं. वाइशेनिश्त, म्हणजे 'हटू नकोस'. कुठल्याशा जुन्या लढाईत सगळे पळाले तेव्हा झेंडा धरून एकटा उभा राहिला तो आपला मूळपुरुष, असं ओर्ट्विननी वडिलांकडून ऐकलं होतं. निवृत्तीआधी ओर्ट्विन स्वतः दुकानांच्या पाट्या रंगवत. घराच्या दर्शनी भिंतीवर त्यांनी तो झेंडेवाला दोन मजले उंच रंगवला होता. तोंडवळा स्वतःचा दिला होता, मिशा थोड्या वाढवून. गुंडुला शाळेत निघाली की ते तिला त्याच्याकडे बोट दाखवून सांगत, ताठ चाल.

सहाव्या 'बघू'नंतर त्यांनी फोल्कमारशी हात मिळवणं बंद केलं. आपण लग्नाला येणार नाही, त्या दिवशी रानात अळंब्या वेचायला जाऊ, असं रोझविटाला सांगून टाकलं. रोझविटाने, टोपली मोठी न्या, एवढंच म्हटलं. फोल्कमार सगळं ऐकून घेई. रविवारी यायचा मात्र चुकत नसे.

शेवटचा उपाय म्हणून ओर्ट्विननी बाम्बेर्गच्या अभिलेखागारात पत्र टाकलं. झेंडेवाल्याचा लेखी पुरावा मिळाला की चौकट करून जावयाच्या हातात द्यायचा, मग बघू कसं 'बघू' म्हणतो, असा बेत होता. मंगळवारी उत्तर आलं. ओर्ट्विननी ते उभ्याउभ्या वाचलं आणि पावाच्या डब्यात ठेवून दिलं. चार दिवस ते जेवढ्यास तेवढं बोलले. बायकोला वाटलं, पोट बिघडलंय.

रविवारी सगळे जेवायला बसल्यावर त्यांनी डब्यातून पत्र काढलं. माणूस हट्टी होता, पण खोटं बोलणारा नव्हता. चष्मा लावून त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

अभिलेखागारातल्या बाईंनी कळवलं होतं की कागदपत्रांत ना लढाई आहे, ना झेंडा. पाचशे वर्षांपूर्वी कुन्त्स नावाचा एक इसम नदीकाठच्या पाणचक्कीवर लग्नाला आला. तो मुलीकडचा की मुलाकडचा, हे कुणालाच माहीत नव्हतं. लग्न आटोपलं, पाहुणे गेले, कुन्त्स राहिला. तो अकरा वर्षं राहिला. चक्कीवाला तीनदा न्यायालयात गेला. तिन्ही वेळा न्यायाधीशाने कुन्त्सला निघ म्हणून सांगितलं, आणि तिन्ही वेळा कारकुनाने समासात लिहिलं, 'हटत नाही'. चौथ्या कागदावर तेच त्याचं आडनाव झालं होतं. त्यानंतरच्या नोंदीत चक्कीवालाच गाव सोडून गेलेला दिसतो.

ओर्ट्विननी पत्राची घडी घातली. जर्मनमध्ये चक्कीवाला म्हणजेच म्युलर, हे त्या टेबलावर कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"फोल्कमार," ते खाली मान घालून म्हणाले, "तुम्ही म्युलरच राहा. तुमच्या लोकांचं आम्ही पुष्कळ खाल्लंय. मी लग्नाला येईन."

त्यांनी टेबलावरून हात पुढे केला. फोल्कमारने तो धरला आणि पुन्हा गुंडुलाकडे पाहिलं.

गुंडुला हसत होती. आधी तोंडावर रुमाल धरून, मग रुमाल बाजूला ठेवून. रोझविटाने तिला पाणी दिलं. ते पिऊन ती फोल्कमारला म्हणाली की उद्या अर्ज नेऊन दे, त्यात वाइशेनिश्त लिही.

ओर्ट्विन गडबडले. आता उगाच जबरदस्ती नको, असं ते म्हणू लागले. आडनाव त्याला घ्यायचंय, त्याला तरी आधी विचार.

"त्याला काय विचारायचं, बाबा?" गुंडुला म्हणाली. "त्या झेंडेवाल्याची मुलगी म्हणून मिरवायचा मला जन्मभर कंटाळा आला होता. हा फुकट्या कुन्त्स मात्र आपल्या घरातला वाटतो. आणि फोल्कमार तर पहिल्याच रविवारी तयार होता. हटत नव्हते ती मी."