पाच थर

हिंमतरावांनी अकरा दिवसांत गाडीच्या पोटात पाच थर घातले होते. आधी डांबरी पत्रा, त्यावर काचेची लोकर, मग लोकरीचा जाड नमदा, पुन्हा डांबरी पत्रा आणि सगळ्यांवर चंदेरी कागद. सासरी निघालेल्या लेकीलाही कुणी इतक्या गोधड्या देत नाही, असं त्यांची बायको निरुपमा म्हणाली होती. शेजारीच उभे होते हिंमतराव, पण त्यांना काही ते ऐकू गेलं नाही.

गाडी त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली. निवृत्त झाल्यावर जुन्या फियाटचं इंजिन आणलं, पत्रे ठोकले, आणि दांडिया बाजारातल्या घराखालच्या गाळ्यात दोन माणसांची ठेंगणी लाल स्पोर्ट्स कार उभी केली. मागच्या महिन्यात पहिली फेरी झाली. पाणीगेट येईतो धगीने निरुपमाच्या चपलेचा तळ मऊ पडला आणि आवाजाने तिचं डोकं भणभणलं. ती तिथेच उतरली, रिक्षा करून घरी आली, आणि पुन्हा म्हणून त्या गाडीत बसली नाही.

आज दुपारी त्यांनी खालून हाक मारली. कुकर लावायचा ठेवून, पदराला हात पुसत ती उतरली. गाडी दारात उभी होती, इंजिन चालू होतं.

“पाच मिनिटं बस,” ते म्हणाले. त्यांचं साधं बोलणंही चार घरांना ऐकू जाई. “गाडी हलवत नाही. नुसती बस.”

“बेसो ने काकी,” समोरचे भांडीवाले जिगरभाई दुकानातून म्हणाले. “काका रोज मने पूछे छे, अवाज ओछो थयो के नहीं.”

निरुपमा थबकली. आवाज कमी झाला का, हे ते जिगरभाईंना विचारत होते? रोज? तिने हिंमतरावांकडे पाहिलं. ते काचेवरची नसलेली धूळ पुसत होते.

ती वाकून आत शिरली, पाय जपून टेकवले. इंजिन अर्धा तास चालू होतं, तरी तळपायांना चटका नव्हता. तेवढं त्यांनी खरंच जमवलं होतं. हिंमतराव दुसऱ्या बाजूने आत आले, दार ओढलं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन गुरगुरलं.

“आता?” त्यांनी विचारलं.

आवाज होता, पण सगळीकडून येत नव्हता. स्वयंपाकघरातला कुठला नळ ठिबकतोय ते निरुपमा अंथरुणात पडल्यापडल्या सांगत असे. तिने डोळे मिटले, मग त्यांच्या पायांकडे वाकून चंदेरी कागदावरून हात फिरवत नेला आणि एका जागी बोट ठेवलं. आवाज बसला. बोट उचललं, आवाज आला.

तिने त्यांचा हात धरून त्यांचंच बोट तिथे टेकवलं. बोटाला गरम वारा लागला, तेव्हा कुठे त्यांना पटलं.

“क्लचची वायर जाते तिथलं भोक,” ते म्हणाले. पाचही थरांकडे त्यांनी एकदा पाहून घेतलं. “आणि मी अकरा दिवस भिंती जाड करत बसलोय.”

खाली उतरून त्यांनी नमद्याचा तुकडा आणि रबराची पट्टी भोकात ठासून बसवली आणि पुन्हा आत बसून दार लावून घेतलं. इंजिन आता दुसऱ्या कुणाच्या घरी चालू असावं तसं वाटत होतं. शेजारून टेम्पो गेला, तो निरुपमाला फक्त दिसला. जिगरभाई गिऱ्हाइकाशी काहीतरी बोलत होते, त्यांचे नुसते ओठ हलत होते.

इतकी शांतता या दोघांना घरात कधीच मिळाली नव्हती. पंचवीस वर्षं मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरपाशी काढून हिंमतराव घरी आले, तेव्हापासून त्यांना सगळं ओरडून सांगावं लागे. भाजी संपली हेही गल्लीला कळे. लोक हल्ली पुटपुटतात, असं त्यांचं म्हणणं. आणि एक गोष्ट तर अशी होती, की ती ओरडून सांगायला निरुपमाचा जीव धजत नव्हता. चारचौघांत त्यांची मान खाली जाईल, या भीतीने दोन वर्षं तिने ती गिळून ठेवली होती.

“अहो,” ती त्यांच्या कानाशी झुकून हळूच म्हणाली, “एकदा कान दाखवून येऊ या.”

हिंमतरावांचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. ऐकू गेलं नसावं, असं तिला वाटलं. तिला थोडं हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं.

“किती थर पुरे, ते मला ऐकून कळेचना,” ते म्हणाले. “म्हणून लावत गेलो.”

तेही हळूच बोलले होते. निरुपमाचे डोळे भरून आले.

“उद्या सकाळी जाऊ,” ते म्हणाले. “याच गाडीतून. येशील ना?”

“येईन.”

वर कुकर लावायचा होता. तिने दाराच्या कडीला हात घातला, दार बोटभर उघडलं, आणि अख्खा दांडिया बाजार आत आला.

“थांब,” हिंमतराव म्हणाले. “आणखी काही राहिलं असेल, तर तेही सांगून घे.”

निरुपमाने दार पुन्हा ओढून घेतलं, पदर सारखा केला आणि त्यांच्याकडे वळून नीट बसली.

“तुमच्या या गोधड्यांबद्दल मी परवा काय म्हटलं होतं,” ती म्हणाली, “ते आधी सांगते.”