हाललं का वं?

"हाललं," उर्मिला म्हणाली, आणि म्हणताच तिला वाटलं, जीभ चावून टाकावी.

काहीच हाललं नव्हतं. पाचवा महिना सरत आला होता आणि पोट आपलं गप्प होतं. पण सासूबाई, सरलाबाई, रोज सकाळी चहा करता करता विचारायच्या, "हाललं का वं?" आणि रोज नाही म्हणून म्हणून तिचं तोंड दुखायला लागलं होतं. शेजारच्या प्रमिलाकाकूंचं प्रत्येक लेकरू म्हणे चौथ्यातच हाललं होतं.

सरलाबाईंनी हातातली सांडशी खाली ठेवली. "कसं वाटलं?"

"मासोळीसारखं."

"मासोळीसारखं," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "कोणत्या अंगाले?"

"उजव्या."

त्यांनी सुनेकडे क्षणभर पाहिलं आणि पुन्हा चहा गाळायला घेतला. ते पाहणं उर्मिलेला दिवसभर टोचत राहिलं.

एका खोट्याला दहा टेकू लागतात. उजव्या अंगाला म्हणजे मुलगाच, असं प्रमिलाकाकूंनी गल्लीत जाहीर करून टाकलं. सासरे देवीदास यांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. त्यांनी तिथूनच पेढे पाठवले, स्वतः जेवायलाही घरी आले नाहीत. हल्ली ते घरात मान वर करून चालतच नसत. सुनेला दिवस गेलेत म्हणून माणूस लाजतो, असं तिला वाटे, आणि इतक्या भल्या माणसाला आपण फसवलं याचं आणखी वाईट वाटे. तिचा नवरा मुकुंद सौंसरच्या शाळेत मास्तर होता. तो शनिवारी आला तो थेट तिच्या पोटावर हात ठेवूनच बसला. "झोपलं असंन," ती म्हणाली. तो हसला, आणि तिला रडू आलं.

सगळ्यात जड जात होते ते सरलाबाईंनी केलेले लाड. त्या काही थकलेल्या सासूबाई नव्हत्या. मुकुंद झाला तेव्हा त्या सतरा वर्षांच्या. दोघी बाजारात गेल्या तर लोक थोरली-धाकटी बहीण समजत. विहिरीवरून दोन दोन घागरी आणणारी ही बाई, पण यंदा त्यांनी पाण्याला गुणवंताबाई लावली. "घरात पोटुशी बाई हाय," म्हणाल्या. रामाकोन्याच्या गाडीवाल्याकडून कच्ची, आंबट संत्री मागवली. उर्मिलेला आंबट सोसत नसे. एक फोड कशीबशी गिळून ती बाकीची ठेवून देई, आणि सकाळी टोपलीत नुसती सालपटं दिसत. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून सासूबाई गुपचूप संपवतात, या विचारानं ती ओशाळून जाई. रात्रीही त्या आता सुनेच्याच खोलीत झोपत.

"अशी सासू नशिबानं भेटते," प्रमिलाकाकू म्हणत. उर्मिला मान खाली घाली.

खरी भीती वेगळीच होती. बाळ हालतच नसेल तर? आत काही बरंवाईट झालं असेल तर? मला डॉक्टरकडे न्या, असं म्हणण्याची सोय तिनं स्वतःच घालवली होती. हालत्या-चालत्या बाळासाठी कोण दवाखान्यात जातं? आपल्या एका शब्दापायी लेकरू जाईल, असं तिला वाटत राही.

पंच्याऐंशी सालचा पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सगळं पांढुर्णं गाव गोटमार, म्हणजे दोन काठांवरच्या गावांची दगडफेक, पाहायला नदीवर गेलं. सरलाबाई दर वर्षी जात, या वेळी मात्र थांबल्या. "गर्दीत धक्के बसतात," म्हणाल्या. घरात दोघीच उरल्या. लांबून ढोल ऐकू येत होते. सरलाबाई भिंतीला टेकून वाती वळत होत्या. उर्मिला त्यांच्यासमोर येऊन बसली आणि तिला राहवेना.

"आई, मी खोटं बोलली. हाललंच नाही. एकदाही नाही."

सरलाबाईंचे हात थांबले नाहीत. "माहीत हाय मले."

"मग बोलल्या काहून नाही?"

"मी कोणत्या तोंडानं बोलू?"

त्याचा अर्थ उर्मिलेला लागला नाही. तिनं त्यांचे पाय धरले. "मले डॉक्टरकडे न्या. माझ्या खोट्यानं त्याले काही झालं तर..."

"उद्या जाऊ. खोट्यानं काही होत नाई. उठ." सरलाबाईंनी वाती बाजूला सारल्या. "रात्री पोटात वारा फिरल्यावानी होते का तुले?"

"होते. अजीर्ण समजून मी ओवा खाते."

सरलाबाईंना हसू आलं. "लेकराले ओवा चारून राहिली तू! पहिलटकरणीले वळखू येत नाई, पोरी. तू अंधारात ओव्याची डबी धुंडते, ते ऐकून राहिली ना मी."

"पण तो वाराच नाही कशावरून? मले कसं समजन?"

सरलाबाई उठल्या, दाराची कडी लावून आल्या आणि तिच्या अगदी जवळ बसल्या. घरात तिसरं माणूस नसतानाही त्यांनी दोनदा दाराकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं, तशातली गत.

"डोळे मिट," शेवटी त्या म्हणाल्या. "हात दे."

त्यांनी तिचा हात पोटावर ठेवला आणि वरून आपला हात दाबून धरला. "घाई नको करू."

ढोल वाजत राहिला. मग तळहाताखाली काहीतरी वळलं. लहानसं, पण जिवंत. वारा नव्हता तो. उर्मिलेच्या अंगावर काटा आला, मिटलेले डोळे भरून आले.

"हाललं, आई," ती म्हणाली. या वेळी ते खरं होतं.

"तुझंबी असंच हालून राहिलं असंन," म्हणत सरलाबाईंनी सुनेचा हात आपल्या पोटावरून काढला, पदर सारखा केला आणि मान वर न करता म्हणाल्या, "मुकुंदले सांगू नको, बाई."