डावा हात

"दुखलं तर डावा हात वर करायचा, बोलायचं नाही," असं मी रूट कॅनलच्या प्रत्येक पेशंटला बजावते. खुर्चीतल्या या माणसालाही बजावलं. दार बंद होतं. काचेपलीकडच्या बाकावर त्याची बायको बसली होती.

"भूल नको, डॉक्टर. मला जन्मात कधी काही दुखलेलं नाही."

दाढेची नस मेलेली असेल, असं मी धरून चालले. पण दाढेच्या मुळात सुईसारखी बारीक फाइल फिरवली, तर ती रक्ताने माखून आली. नस चांगली जिवंत होती. तो मात्र ढिम्म.

बाहेर त्याच्या बायकोने डावा हात वर केला.

मी सिरिंजने मूळ धुवायचं औषध आत सोडलं. तिचा हात पुन्हा वर गेला. तोंडात रुमालाचा बोळा तिने केव्हाच कोंबून घेतला होता.

मी हत्यारं बाजूला ठेवली. "तुमच्या मिसेसना त्रास होतोय."

त्याने तिकडे बघितलंसुद्धा नाही. जिभेने शेजारच्या दाढा चाचपल्या.

"या दोन कशा आहेत?"

"उत्तम आहेत."

"असू देत," तो हसला. "त्यांचंही आजच उरकून टाका."